४० गुण आणि ११ बरोबऱ्या : २०२०-२१ चा इंडियन सुपर लीग हंगाम

जमाखर्च :

गेल्या रविवारी माळा आवरताना आमच्या सुताच्या पेढीची एक जुनी रोजकीर्द हाती लागली. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर मी २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची गुणतालिका पेन्सिलीने मांडत असे, ती पुन्हा वाचायला मिळाली. त्या हिवाळ्यात सोलापूरच्या नव्या पेठेत दिवेलागणीनंतर गिऱ्हाईक फारसे फिरकत नव्हते, जानेवारीत गड्ड्याची जत्राही नेहमीसारखी भरली नाही, आणि साडेसातचा सामना सुरू होण्याआधी दिवसाचा जमाखर्च मिळवून मोकळे होणे मला नोकरीच्या इतक्या वर्षांत प्रथमच जमू लागले होते. त्यामुळे पहिल्या सामन्यापासून अखेरच्या सामन्यापर्यंत सलग पाहिलेला माझा हा एकमेव हंगाम आहे.

त्या हंगामाचा विषय निघाला की १३ मार्च २०२१ चा अंतिम सामना आणि ९०व्या मिनिटाला मुंबई सिटीच्या बिपिन सिंगने केलेला गोल यांच्याच गप्पा होतात. माझे मत थोडे वेगळे आहे. मुंबई सिटीने त्या वर्षी जे खरोखर कमावले ते त्याआधी १३ दिवस, २८ फेब्रुवारीला, साखळीच्या शेवटच्या सामन्यात कमावले. आणि ते कसे कमावले याचे उत्तर तालिकेतील विजयांच्या किंवा पराभवांच्या रकान्यात नसून मधल्या, बरोबरीच्या रकान्यात आहे.

ज्यांनी तो हंगाम पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. करोनामुळे ११ही संघ गोव्यातील हॉटेलांत मुक्कामाला ठेवले होते आणि सगळे सामने फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील तीन मैदानांवर प्रेक्षकांविना झाले. एटीके आणि मोहन बागान यांचा एकत्र संघ झाला होता (त्यालाच पुढे मोहन बागान म्हटले आहे) व ईस्ट बंगालही त्याच वर्षी या लीगमध्ये आले होते. प्रत्येक संघाला २० साखळी सामने खेळायचे होते. अग्रस्थानी राहणाऱ्याला लीग विनर्स शील्ड मिळणार होती आणि पहिल्या चार संघांत चषकासाठी बाद फेरी होणार होती.

मुंबईचा संघ नव्याने उभारलेला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. आदल्या वर्षी एफसी गोवाला शील्डच्या उंबरठ्यावर आणूनही हंगाम संपण्याआधीच पदावरून दूर केले गेलेले सर्जिओ लोबेरा आता मुंबईचे प्रशिक्षक होते, आणि अहमद जाहू, मुर्तादा फॉल, ह्यूगो बुमू व मंदार राव देसाई हे गोव्याचे मोहरेही मुंबईकडे आले होते. एवढी तयारी करून २१ नोव्हेंबरला पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ असा पराभव झाला. पूर्वार्धातच जाहूला लाल कार्ड मिळाले आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला पेनल्टीवर गोल स्वीकारावा लागला. माझ्या वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढे ‘पैसा पाण्यात’ असा शेरा आहे. तो मी खोडलेला नाही, कारण लिहिले ते लिहिले.

त्यानंतरच्या १२ सामन्यांत मुंबई हरली नाही आणि त्यांतील ९ सामने तिने जिंकले. गोव्याविरुद्धचा दुसराच सामना अ‍ॅडम ले फॉन्ड्रने भरपाई वेळेतील पेनल्टीवर जिंकून दिला. ११ जानेवारीला ओगबेचेच्या एकमेव गोलने मोहन बागानलाही हरवले. ३० जानेवारीला पुन्हा नॉर्थईस्टनेच ही मालिका तोडली आणि तेथून घसरण सुरू झाली. ८ फेब्रुवारीला गोव्याच्या ईशान पंडिताने भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला गोल करून ३-३ अशी बरोबरी साधली, मग बंगळुरूकडून २-४ आणि जमशेदपूरकडून ०-२ असे लागोपाठ दोन पराभव झाले. दोन सामने शिल्लक असताना मुंबईचे ३४ गुण होते, म्हणजे दोन्ही जिंकले तरी ४० च्या पुढे जाणे शक्य नव्हते.

२२ फेब्रुवारीला मोहन बागानची गाठ हैदराबादशी पडली. जिंकले असते तर त्यांचे ४२ गुण झाले असते आणि शील्डचा निकाल त्याच रात्री लागला असता. हैदराबादच्या चिंगलेनसाना सिंगला पाचव्याच मिनिटाला बाहेर काढले गेले, तरीही दहा खेळाडूंनिशी खेळणारा हा संघ दोन वेळा आघाडीवर गेला. ७५व्या मिनिटाला रोलँड आल्बर्गने २-१ केले तेव्हा मी मोहन बागानपुढे ३९ लिहून मोकळा झालो. भरपाई वेळेत प्रीतम कोटालने बरोबरी साधली आणि मला त्या ३९ वरच ४० गिरवावे लागले. आजही ते आकडे एकमेकांच्या अंगावर चढलेले दिसतात. दोन दिवसांनी मुंबईने ओडिशाला ६-१ हरवले, त्यात बिपिनची हॅट्ट्रिक होती. २८ तारखेला मुंबई आणि मोहन बागान समोरासमोर आले तेव्हा बरोबरीसुद्धा मोहन बागानला पुरणार होती. सातव्याच मिनिटाला फॉलने हेडरवर गोल केला, ३९व्या मिनिटाला ओगबेचेने दुसरा केला आणि २-० ने सामना संपला. दोघांचेही १२ विजय, ४ बरोबऱ्या, ४ पराभव आणि ४० गुण. परस्परांतील दोन्ही सामने जिंकल्यामुळे शील्ड मुंबईची झाली. गोलफरकही १७ विरुद्ध १३ असा मुंबईच्याच बाजूचा होता, म्हणजे कोणत्याही मापाने मोजले तरी निकाल तोच आला असता.

आता त्या रकान्याकडे वळतो. तिसऱ्या स्थानावरील नॉर्थईस्ट (३३ गुण), चौथे गोवा (३१) आणि पाचवे हैदराबाद (२९) यांनी प्रत्येकी फक्त ३ सामने गमावले. म्हणजे वरचे दोन संघ खालच्या तिघांपेक्षा जास्त वेळा हरले! फरक एवढाच की नॉर्थईस्टच्या ९, गोव्याच्या १० आणि हैदराबादच्या ११ बरोबऱ्या झाल्या. त्या ११ पैकी हैदराबादने ५ सामने जिंकून ६ गमावले असते, तरी ११ ऐवजी १५ गुण मिळाले असते आणि २९ चे ३३ झाले असते. पेढीच्या भाषेत सांगायचे तर माल ना विकला गेला, ना परत गेला, नुसता गोदामात पडून राहिला, आणि वर्षअखेरीस त्याचाच तोटा दिसला.

चषक हा एका रात्रीचा खेळ आहे आणि शील्ड ही शंभर रात्रींची मेहनत आहे, असे माझे ठाम मत आहे. जाणकारांनी खोडून काढावे.


पूर्वभागकर :

जमाखर्च यांचा लेख आवडला, परंतु आमच्या संघाला गोदामात पडलेला माल म्हटल्याबद्दल निषेध नोंदवतो. सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्यासारख्या तेलुगूभाषक विणकर घरांत हैदराबाद हे परगाव मानले जात नाही. सोयरिकी तिकडच्या, लग्नाची खरेदी तिकडची, आणि अंतर पाहिले तर सोलापूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. तेव्हा ‘महाराष्ट्राचा संघ’ म्हणून मुंबईला पाठिंबा देण्याचा आग्रह आमच्या घरी कधी कोणी धरला नाही.

मुद्दा असा की बरोबरी ही नेहमीच गमावलेल्या दोन गुणांची नसते. कधी ती मिळवलेल्या एका गुणाची असते. आपणच वर्णन केलेला २२ फेब्रुवारीचा सामना घ्या. पाचव्या मिनिटापासून दहा जणांनी अग्रस्थानी असलेल्या संघाशी लढून २-२ केले, हे आपल्या वहीत तोट्याच्या बाजूला कसे काय लिहिले जाते? त्या संघात लिस्टन कोलासो, आकाश मिश्रा, आशिष राय अशी कोवळी मुले खेळत होती. ज्या लीगमध्ये एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरवण्याची मुभा होती आणि बहुतेक प्रशिक्षक ती पुरेपूर वापरत होते, तेथे मानोलो मार्केझ यांनी या मुलांवर सबंध हंगाम विश्वास ठेवला. अशा संघाला सामना हातात आल्यावर तो संपवता येत नाही, हे मान्य. तेवढ्यासाठी अनुभव लागतो. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, त्याच फातोर्ड्यावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हैदराबादने चषक घेतला, तो याच पायावर.

२८ फेब्रुवारीच्या संध्याकाळचा गोव्याविरुद्धचा ०-० मात्र मलाही अजून टोचतो. पहिल्या चारांत राहायला त्यांना बरोबरी पुरेशी होती आणि आम्हाला विजयच हवा होता. माझे वडील तो सामना पाहताना मध्येच उठून गेले आणि जाताना तेलुगूत एवढेच म्हणाले की धागा तुटला तर गाठ मारता येते, पण कांडीच संपली असेल तर माग थांबवावा लागतो.


तालीमवाला :

मूळ कोल्हापूरचा, गेली नऊ वर्षे सोलापुरात नोकरीनिमित्त. आमच्याकडे पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि साखळीत कोण पहिला आला हे महिन्याभरात विसरले जाते, पण अंतिम सामन्यात कोणी कोणाला हरवले ते नातवंडांना सांगितले जाते. म्हणून धागालेखक जमाखर्च यांच्या ‘एका रात्रीचा खेळ’ या शब्दांशी मी असहमत आहे. एका रात्रीत सगळे पणाला लागते, यातच त्या रात्रीचे मोल आहे.

१३ मार्चचा सामना आठवा. १८व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने मोहन बागानला आघाडी दिली. २९व्या मिनिटाला त्यांच्याच तिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. पूर्वार्ध संपता संपता झालेल्या धडकेत आपल्या मुंबईचा अमेय रानवडे जमिनीवर कोसळला, त्याची शुद्ध हरपली आणि रुग्णवाहिका थेट मैदानात आणावी लागली. प्रक्षेपणात गर्दीचा कृत्रिम आवाज घातलेला असे. त्या काही मिनिटांत तो आवाज कानाला सहन होईना म्हणून मी दूरदर्शन संचाचा आवाज बंद केला. दोन्ही संघांचे खेळाडू नुसते उभे होते. अमेय पुढे बरा होऊन पुन्हा खेळू लागला, हे सर्वांना ठाऊक आहेच, पण त्या रात्री उत्तरार्ध खेळणे ही साधी गोष्ट नव्हती. अशा मनःस्थितीत ९०व्या मिनिटापर्यंत धावत राहिलेल्या संघाचा विजय धागालेखक केवळ नशिबाच्या खात्यात टाकत असतील, तर ते मला पटत नाही.

त्या गोलाची चूकही माणसाचीच होती. मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, चेंडू त्याला मिळाला नाही, तो ओगबेचेने ताब्यात घेऊन बिपिनकडे सरकवला आणि समोर मोकळे जाळे होते. हंगामातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा सुवर्ण ग्लोव्ह त्याच अरिंदमला मिळाला. सबंध हंगामाचे काम आणि एका क्षणाची चूक एकाच माणसाच्या पदरात पडते, हे साखळीत दिसत नाही.

जाता जाता एक अभिमानाची नोंद : मुंबईला २० फेब्रुवारीला हरवणाऱ्या जमशेदपूरच्या ताफ्यात त्या हंगामात आमचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.


सातरस्ता :

तालीमवाला यांनी बिपिनचा गोल इतक्या तपशिलाने सांगितला याबद्दल आभार, कारण ८८व्या मिनिटाला आमच्या गल्लीतील केबल गेली आणि परत आली तेव्हा निळ्या जर्सीतले लोक नाचत होते. केबलवाल्याने दुसऱ्या दिवशी ‘वरूनच गेली होती’ एवढे उत्तर दिले. वरून म्हणजे कुठून, ते आजवर समजलेले नाही.


जमाखर्च :

पूर्वभागकर, आपला निषेध स्वीकारला. २२ फेब्रुवारीची बरोबरी ही कमाईच होती आणि ती मी चुकीच्या बाजूला मांडली. परंतु सगळ्या ११ बरोबऱ्या तशा नव्हत्या, हे आपणही २८ तारखेच्या निमित्ताने मान्य केलेलेच आहे. आपल्या वडिलांचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले.

तालीमवाला, मी त्या विजयाला नशीब म्हटलेले नाही. तरी एक व्यवहारी गोष्ट सांगतो. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीची जागा शील्ड जिंकणाऱ्याला होती, चषक जिंकणाऱ्याला नव्हे. बिपिनचा तो गोल झाला नसता तरीही मुंबई २०२२ च्या एप्रिलमध्ये रियाधला गेलीच असती. तेथे इराकच्या एअर फोर्स क्लबने आधी गोल केल्यावर दिएगो मॉरिसिओच्या पेनल्टीने बरोबरी झाली आणि राहुल भेकेच्या हेडरने २-१ असा विजय मिळाला. त्या स्पर्धेतील भारतीय क्लबचा तो पहिला विजय. भेके मुंबईचाच मुलगा, आणि तो हेडर पाहताना मी पेढीवर एकटा असूनही टाळ्या वाजवल्या. आदल्या वर्षी याच गटसाखळीत पहिला भारतीय क्लब म्हणून खेळलेल्या गोव्याने ६ पैकी ३ सामने बरोबरीत सोडवले होते. बरोबरीने त्यांची पाठ तिथेही सोडली नाही.


कंबरतलाव :

चर्चा वरच्या दोन संघांभोवती फिरते आहे. माझ्या मते त्या हंगामातील सर्वांत मोठे काम खालिद जमील यांनी केले. जानेवारीत नॉर्थईस्टने जेरार्ड नूस यांना दूर केले आणि सहायक असलेल्या जमील यांच्याकडे संघ तात्पुरता सोपवला. त्यानंतर साखळी संपेपर्यंत नॉर्थईस्टने एकही सामना गमावला नाही. २६ जानेवारीला मोहन बागान आणि ३० जानेवारीला मुंबई, दोघांनाही २-१ अशा एकाच गुणफलकाने हरवले. मुंबईविरुद्धचे दोन्ही गोल देशोर्न ब्राऊनचे होते. भारतीय प्रशिक्षकाने या लीगमध्ये संघाला बाद फेरीपर्यंत नेण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे उपान्त्य फेरीत १-१ आणि १-२ असे मोहन बागानकडून हरले ते सोडा.

ज्यांना जमील यांचे नाव तेव्हा नवे वाटले, त्यांनी २०१७ आठवावे. आयझॉलसारख्या छोट्या गावच्या क्लबला त्यांनीच आय-लीग जिंकून दिली होती. त्याआधी बरीच वर्षे ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते आणि तुटपुंज्या पैशांत संघ तगवून ठेवण्याची सवय त्यांना तेथेच लागली असावी. आता ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले म्हणून सगळे त्यांचे गुण गातात, परंतु त्या जानेवारीत ‘हंगामी’ हा शब्द त्यांच्या नावामागे प्रत्येक बातमीत लावला जात होता.

जमाखर्च यांच्या बरोबरीच्या सिद्धान्तालाही येथे थोडी दुरुस्ती लागते. जमील यांच्या नॉर्थईस्टने गोव्याशी २-२ केले, तेव्हा तो संघ मागून येऊन वर चढत होता. चढत्या संघाची बरोबरी आणि घसरत्या संघाची बरोबरी तालिकेत सारखीच दिसते, म्हणून तालिका एकटी वाचू नये.


पडताळा :

एक किरकोळ पण हिशेबाचा मुद्दा. धागालेखकांनी ३९ वर ४० गिरवल्याचा प्रसंग रंगवून सांगितला आहे आणि त्यावरून कोटालच्या गोलाने चित्र पालटले असा समज होतो. प्रत्यक्षात त्या गोलाने काहीही बदलले नाही. मोहन बागानचे ३९ राहिले असते तरी शेवटच्या दिवशी ३७ गुणांच्या मुंबईला विजयच आवश्यक होता, कारण बरोबरीत ती ३८ वर थांबली असती. आणि ४० झाल्यावरही विजयच आवश्यक होता, फक्त मग परस्परांतील सामन्यांचा नियम लावावा लागला. शील्डचा निकाल फिरवणारी गोष्ट कोटालचा गोल नसून, दहा जणांविरुद्ध ८५ मिनिटे मिळूनही मोहन बागानला तिसरा गोल न करता येणे ही होती. म्हणजे बरोबरीने मारले ते हैदराबादला नव्हे, मोहन बागानला. ही गोष्ट धागालेखकांच्याच म्हणण्याला बळकटी देते, तरी त्यांनी ती लिहिली नाही याचे नवल वाटते.

हैदराबादच्या ५ विजय आणि ६ पराभवांच्या कागदी हिशेबात समोरच्या संघांचे गुणही बदलतात, हेही गृहीत धरायला हवे होते. गोव्याशी झालेली बरोबरी विजयात बदलली तर गोव्याचा एक गुण कमी होतो.


तालीमवाला :

मी एक गोष्ट विसरलो. उपान्त्य फेरीत मुंबई आणि गोवा यांच्यात २-२ आणि ०-० झाले आणि शूटआउटच्या तोंडावर दोन्ही प्रशिक्षकांनी आपापले गोलरक्षक बदलले. मुंबईने तर कर्णधार अमरिंदर सिंगला बाहेर बोलावून फुर्बा लाचेन्पाला उतरवले. पुढे ६-५ ने मुंबई जिंकली. धागालेखकांच्या शंभर रात्रींच्या मेहनतीचा चषकापुरता निकाल शेवटी साखळीत अमरिंदरच्या मागे बसून राहिलेल्या मुलाच्या हातात गेला होता. शील्ड मोठी की चषक, याचे उत्तर लाचेन्पाला विचारावे.


पूर्वभागकर :

पडताळा यांनी आमच्या संघाची बाजू आमच्यापेक्षा चांगली मांडली. वडिलांना वाचून दाखवले. ‘मग त्या दिवशी आपणच जिंकलो म्हणायचे,’ असे म्हणून त्यांनी चहा मागितला.


जमाखर्च :

पडताळा यांचे दोन्ही आक्षेप बरोबर आहेत. पाच वर्षे मी त्या गिरवलेल्या आकड्याकडे पाहून कोटालला मनातल्या मनात दोष देत होतो, आणि तो बिचारा निकालाच्या आसपासही नव्हता. काल रात्री रोजकीर्द पुन्हा उघडली. ३९ वरचा ४० तसाच ठेवला आहे, कारण आमच्या पेढीत खाडाखोड चालत नाही. त्याच्या बाजूला दुरुस्तीची नोंद घालून तारीख टाकली आणि ‘पडताळा यांच्या सांगण्यावरून’ असे लिहिले. पहिल्या पानावरच्या ‘पैसा पाण्यात’ या शेऱ्यापुढेही एक ओळ मोकळी आहे, पण तिच्यात काय लिहावे ते अजून ठरत नाही.